बिनतारी घरातील तारेची यंत्रे

ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात किंवा कौलारू घरात गेले, अशा पुष्कळांना घरात रेडिओ आला तो दिवस आठवत असेल. सरकारदरबारी त्या यंत्राची गणना बिनतारी साधनांत होत असे. १९३३ च्या कायद्यान्वये ते बाळगण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. परंतु हे बिनतारी यंत्र घरात आले की पहिले काम निघे ते तार बांधण्याचे. गच्चीवर दोन उंच बांबू उभारावयाचे, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणावयाची, तिचे एक टोक खिडकीतून आत घ्यावयाचे, आणि दुसरी एक तार अंगणातल्या ओलसर जमिनीत पुरावयाची. एवढा तारांचा संसार मांडून झाला म्हणजे मग बिनतारी गाणे ऐकू येई. "मग याला बिनतारी का म्हणायचे?" असे एखाद्या मुलाने विचारले तर वडील माणसे त्याला गप्प बसवीत. प्रश्न मात्र रास्त होता.

आज घरोघरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वायफायची एक लहानशी पेटी लुकलुकत असते. तिच्यापासून मोबाइलपर्यंत तार नसते हे खरे. पण तिच्या पाठीत बाहेरून आलेली तार खुपसलेली असते आणि शेजारी बहुधा आणखी दोनचार भोके रिकामी असतात. ही भोके ज्या यंत्रांना बिनतारी बोलता येत नाही त्यांच्यासाठी असतात. माडीवरचा जुना कॉम्प्युटर, हिशेबाच्या खोलीतले छपाईयंत्र, ही धडधाकट असतात. त्यांना बोलण्याचा मार्ग तेवढा एकच ठाऊक असतो, तारेचा. आता पेटी खाली, यंत्र माडीवर आणि मध्ये दीड हात जाडीची भिंत, अशी स्थिती असली की दुकानदार अगदी सहजपणे सांगतो, "टाकून द्या, नवे घ्या." चालते यंत्र टाकावयाचे, कारण तार आणि बिनतारी यांचा सांधा जमत नाही! हा सांधा का जमत नाही आणि तो जमविण्यासाठी कोणी काय खटपट केली, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ही हकीकत पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर सुरू होते. १९६८ साली तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली ‘अलोहा’ नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर ओआहू बेटावर होता आणि विद्यापीठाच्या शाखा इतर बेटांवरही विखुरलेल्या होत्या. दूर बसून कॉम्प्युटरशी बोलावयाचे तर त्या काळी टेलिफोनच्या तारेवाचून साधन नव्हते, आणि या कामास ती तार मुळीच सोयीची नव्हती. मनुष्य कळफलकापुढे बसून विचार करतो, चार अक्षरे टंकतो, पुन्हा विचार करतो. तेवढा सारा वेळ तार अडकून पडते आणि भाडे चढत राहते. अब्रामसन यांनी तार सोडून रेडिओलहरींचा आश्रय केला आणि जून १९७१ मध्ये त्यांचे जाल चालू झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अलोहाच्या जालात जी यंत्रे जोडली गेली ती स्वतः बिनतारी नव्हती. ती टंकयंत्रासारखी दिसणारी टर्मिनले होती आणि त्यांना तारेचीच भाषा येत होती. म्हणून अशा यंत्राशेजारी एक पेटी ठेवण्यात आली. तिच्या एका अंगाला टर्मिनलाची तार, दुसऱ्या अंगाला अँटेना. टंकलेली अक्षरे ती पेटी साठवून ठेवी, जास्तीत जास्त ऐंशी अक्षरांचे पुडके बांधी, ते कोणाकडून आले हे त्यावर लिही आणि ४०७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर सेकंदास ९६०० बिट या गतीने हवेत सोडून देई. पोहोचल्याची पावती आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा सोडी. बिचाऱ्या टर्मिनलाला याची वार्ताही नसे. आपण तारेवरच बोलत आहोत अशीच त्याची समजूत. तेव्हा बिनतारी जालाला तारेचे यंत्र जोडणे ही आपल्या पिढीला मागाहून सुचलेली सोय आहे असे कोणी समजू नये. हवेतून पुडकी पाठविणारे हे आद्य संगणकजाल त्या सोयीसाठीच जन्माला आले होते.

ओआहूवरचे जे मध्यवर्ती यंत्र ही पुडकी गोळा करी, त्याचे नाव ‘मेनेहुने’. हवाईच्या लोककथांत या नावाचे बुटके लोक आहेत. ते रात्री गुपचूप काम उरकून ठेवतात असे सांगतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील अर्पानेट या जालात तसेच काम करणाऱ्या यंत्राला ‘इंप’ म्हणत. हे नाव आद्याक्षरांवरून पडलेले असले तरी इंग्रजीत त्याचा अर्थ खोडकर भूत असा होतो, आणि त्यावर हवाईकरांनी केलेली ही कोटी आहे.

अलोहाची मोठी अडचण म्हणजे गलका. दोन पेट्यांनी एकाच वेळी पुडकी सोडली तर दोन्ही एकमेकांत मिसळून निकामी होत. उपाय साधा होता: प्रत्येकाने आपल्या मनाला येईल तितका वेळ थांबावे व पुन्हा प्रयत्न करावा. अशा कारभारात लहरींच्या एकूण शक्तीपैकी फार तर अठरा टक्केच कामी येते असे गणिताने निघते. इतकी उधळपट्टी असूनही गरज भागली.

आता उलटा चमत्कार पाहा. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात काम करणारे रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात अब्रामसन यांचा निबंध आला. त्यातल्या गणितात त्यांना सुधारणा सुचल्या आणि २२ मे १९७३ च्या एका टिपणात त्यांनी एकाच इमारतीतील कॉम्प्युटर जोडण्याची नवी योजना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आली. योजना अलोहाचीच, फक्त हवेच्या जागी एक जाडजूड केबल. बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे की नाही हे ऐकावे, आणि बोलता बोलता दुसरा कोणी बोलू लागला तर तत्काळ थांबावे, एवढी शिस्त मेटकाफ यांनी तिला लावली. नाव काय ठेवले? ईथरनेट! आमच्या न्यायवैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, तद्वत् एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे वाहन म्हणून ईथर नावाचे सर्वव्यापी द्रव्य कल्पिले होते. मायकेल्सन आणि मॉर्ली यांना १८८७ च्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. विज्ञानाने टाकून दिलेले ते नाव मेटकाफ यांनी केबलला दिले. तारेने बिनतारीकडून विद्या घेतली ती अशी, आणि नावही आकाशाचे घेतले. आज आपल्या पेटीच्या पाठीतली भोके ज्या पद्धतीने बोलतात ती हीच.

ईथरनेटची तार कितीही लांब ताणता येत नसे. जाड केबलचा एक पल्ला पाचशे मीटरांचा. तेव्हा एक पल्ला दुसऱ्याशी जोडण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात ‘ब्रिज’ म्हणजे सेतू नावाचे यंत्र निघाले. हा सेतू मोठा हुशार. त्याला कोणी काही सांगावे लागत नाही. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक पुडक्यावरचा पाठविणाऱ्याचा पत्ता तो वाचतो आणि कोण कोणत्या अंगाला राहतो हे लक्षात ठेवतो. पुढे त्या पत्त्याचे पुडके आले की बरोबर त्याच अंगाला सोडतो. मात्र दोन जालांमध्ये चुकून दोन सेतू पडले तर सर्वांसाठी असलेले एक पुडके एकावरून जाऊन दुसऱ्यावरून परत येते, पुन्हा जाते, आणि असा गरगर फेरा सुरू होऊन सारे जाल बंद पडते. यावरचा तोडगा रेडिया पर्लमन या विदुषीने डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करीत असताना काढला व १९८५ साली प्रसिद्ध केला. सेतूंनी आपापसांत बोलून जादा वाटा आपण होऊन बंद ठेवाव्यात अशी ती युक्ती आहे. या फेऱ्याची गाठ मला स्वतःला पुढे पडावयाची होती, म्हणून इतक्या विस्ताराने सांगितले.

मे १९८५ मध्ये अमेरिकन शासनाने रेडिओलहरींचे काही पट्टे विनापरवाना संदेशवहनास मोकळे केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्झचा. या संधीचा लाभ प्रथम ज्यांनी घेतला त्यांत एनसीआर ही गल्ल्याची यंत्रे करणारी कंपनी होती. दुकानातील मांडणी वरचेवर बदलते आणि दर वेळी गल्ल्यांच्या तारा उखडून पुन्हा घालाव्या लागतात, हे तिचे दुखणे. नेदरलँड्समधील तिच्या अभियंत्यांनी त्यावर बिनतारी जाल तयार केले, आणि त्यांच्यापैकीच व्हिक हेज हे गृहस्थ सर्वांसाठी एक मानक ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. ८०२.११ या अंकाने ओळखले जाणारे ते मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. वायफाय हे त्याचे बाजारातले नाव १९९९ मधले.

आता या मानकातील एका बारीक गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. आपल्याकडे पत्रावर ‘मार्फत’ लिहिण्याची चाल आहे. इंदुरास शिकावयास गेलेला मुलगा ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्यांच्या पत्त्यावर पत्रे मागवितो. पाकिटावर मुलाचे नाव, खाली ‘मार्फत’ असे लिहून घरमालकांचे नाव. पोस्टमन घरमालकांना ओळखतो, मुलाला ओळखत नाही. पण त्या एका शब्दाने काम होते. ८०२.११ च्या कर्त्यांनी पुडक्यावर पत्त्यांचे चार रकाने योजले होते. मजकूर कोणाचा, तो हवेत सोडणार कोण, हवेतून उचलणार कोण, आणि शेवटी द्यावयाचा कोणाला. म्हणजे दोन्ही टोकांना ‘मार्फत’ची सोय होती. परंतु नित्याच्या व्यवहारात यांपैकी तीनच वापरावेत असे ठरले. मोबाइल जेव्हा पेटीकडे पुडके धाडतो तेव्हा मजकूर त्याचाच आणि सोडणाराही तोच. एकच पत्ता दोनदा कशाला लिहा? दर पुडक्यामागे सहा बाइट वाचतात आणि हवा तेवढी मोकळी राहते. काटकसर वाजवी होती. मात्र तिच्या पोटी एक गोष्ट गृहीत धरली गेली, ती अशी की बिनतारी टोकाला जे यंत्र आहे त्याच्यामागे दुसरे कोणी राहत नाही.

त्याच्यामागे कोणी राहत असेल तर काय होते ते पाहा. माडीवर आपण एक बिनतारी सेतू ठेवला आणि त्याला तारेने जुना कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटरचे पुडके सेतूने जसेच्या तसे हवेत सोडले तर सोडणाऱ्याच्या रकान्यात कॉम्प्युटरचा पत्ता येतो. खालची पेटी म्हणते, या नावाचा कोणी माझ्या दप्तरी नाही. आणि पुडके टाकून देते. उलट दिशेला पेटी कॉम्प्युटरच्या नावाने पुडके सोडते तेव्हा हवेत ते उचलून पावती देणारा कोणी नसतो, कारण कॉम्प्युटरला अँटेनाच नाही. तारेच्या जगातला हुशार सेतू बिनतारीच्या उंबरठ्यावर असा अडखळतो. आणि चौथा रकाना? तो मानकात होता. दोन केंद्रयंत्रे आपापसांत बोलतील तेव्हा तो वापरावा एवढे म्हटले होते. परंतु त्यांनी एकमेकांना ओळखावे कसे, ओळख पटल्यावर गुप्ततेच्या किल्ल्या द्याव्यात कशा, याविषयी मानक मौन धरून होते. जागा राखून ठेवावयाची आणि ती वापरावयाचा विधी सांगावयाचा नाही, हा प्रकार समित्यांच्या कारभारात नवा नाही. पण त्याचा भुर्दंड पुढे घरोघरच्या लोकांना पडला.

कारण तारेची यंत्रे दरम्यान घरात येतच होती. नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र बाजारात आणले. त्याला ईथरनेटचे भोक होते, वायफाय नव्हते. ते दूरदर्शनसंचाशेजारी बसणार आणि जालाची पेटी दुसऱ्याच खोलीत असणार, हे उघड होते. २००३ साली कंपनीने त्यासाठी निराळी बिनतारी पेटी विकावयास काढली. २००५ मध्ये त्या यंत्राचा दुसरा अवतार आला तोही वायफायविनाच; वायफाय अंगचे होऊन यावयास २०१० साल उजाडले.

चौथा रकाना मोकळेपणी वापरता येत नव्हता तेव्हा कारागिरांनी दोन वाटा काढल्या. पहिली म्हणजे प्रत्येक कंपनीने चौथा रकाना आपल्या मनाप्रमाणे वापरणे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी बोलेना. कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांचे पटेना. त्यात गुप्ततेची पंचाईत निराळी. पहिली वेप नावाची कुलूपपद्धती कच्ची असल्याचे २००१ साली सिद्ध झाले आणि तिच्या जागी पक्की पद्धती आली, तरी पुष्कळशा पेट्या चौथ्या रकान्याने बोलताना जुनेच कुलूप लावीत. पुढचे दार भक्कम आणि परसदाराला सुतळी, असा तो मामला.

दुसरी वाट अधिक चतुराईची. माडीवरच्या सेतूने कॉम्प्युटरचा पत्ता पुसून त्याजागी आपलाच पत्ता लिहावयाचा, आणि अमक्या आयपी क्रमांकाचा धनी तमके यंत्र, हे आपल्या वहीत टिपून ठेवावयाचे. उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्याला द्यावयाचे. खालची पेटी समजते की माडीवर एकच यंत्र आहे. प्रत्यक्षात तेथे पाच असतील. येथे ‘मार्फत’ लिहावयास जागा नाही म्हणून घरमालकाने साऱ्या भाडेकरूंची पत्रे आपल्याच नावावर मागविली असे म्हणावयास हरकत नाही. यात खोटेपणा थोडा आहे, पण तो निरुपद्रवी आहे आणि कोणत्याही कंपनीच्या पेटीशी जमतो. मर्यादा एवढीच की सेतूची वही आयपी क्रमांकांवर चालते. आयपीएक्स किंवा ॲपलटॉक यांसारख्या जुन्या भाषा बोलणारी यंत्रे या सेतूवरून पार होत नसत.

ही विद्या सामान्य माणसाच्या हाती येण्यास एक योगायोग कारण झाला. लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस बाजारात आणलेल्या एका पेटीत लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरल्याचे जाणत्यांच्या ध्यानात आले. त्या प्रणालीच्या परवान्यानुसार तिच्यात केलेल्या बदलांचा मूळ मजकूर खुला करणे कंपनीस भाग होते आणि २००३ साली तो खुला झाला. त्यावर हौशी लोकांनी आपल्या आज्ञावली रचल्या. ओपनडब्ल्यूआरटी हा त्यांतला प्रसिद्ध उपक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे माडीवरच्या सेतूचे काम कोणतीही जुनी पेटी करू लागली. अडगळीतल्या वस्तूने अडगळीत जाऊ घातलेल्या दुसऱ्या वस्तूला वाचविले.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरगुती वापरास विनापरवाना मोकळा झाला तो २००५ साली, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. परंतु शासनाने परवाना माफ केला तरी भिंतींनी केला नाही. ग्वाल्हेरच्या लष्करातली दगडी घरे किंवा बडोद्याच्या जुन्या पेठांतले वाडे ज्या काळी उठले त्या काळी भिंतीने उन्हाळा थोपवावा एवढीच अपेक्षा असे. लहरींना वाट देणे तिच्या कामात नव्हते. मध्ये पाण्याची टाकी किंवा लोखंडी कपाट आले तर मग विचारावयास नको. अशा घरी केबल ओढावयाची तर जुन्या चुन्याच्या भिंतीला भोक पाडण्यास वडील मंडळी राजी होत नाहीत, आणि मला त्यांचे चुकते असे वाटत नाही.

आमच्या घरी मागील खोलीत एक जुना कॉम्प्युटर, एक छपाईयंत्र आणि कागदपत्रे साठविण्याची एक पेटी अशी तीन तारेची यंत्रे आहेत. ती टाकावयाची नाहीत असा निश्चय करून मी एक जुनी पेटी सेतू म्हणून मांडली आणि काम उत्तम झाले. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरे. अधिक खात्री असावी म्हणून पुढे एका सुट्टीत मी जिन्यावरून एक लांब केबलही ओढली आणि ती त्याच सेतूला जोडली. पाच मिनिटांत साऱ्या घराचे जाल गारठले. भाचा परगावी परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी आमच्या कागदांची वाट पाहत होता, शेवटची तारीख तीच, आणि इकडे सर्व पेट्यांचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. तार आणि बिनतारी या दोन वाटांनी पुडक्यांचा फेरा सुरू झाला होता. पर्लमनबाईंची युक्ती त्या पेटीत होती, परंतु कारखान्यातून येतानाच ती बंद ठेवलेली होती. "मामा, काल काय बदललेत?" एवढे भाच्याने फोनवर विचारले, आणि मी केबल उपसली. अर्ज गेला.

मानककर्त्यांनीही अखेर या सांध्याकडे लक्ष दिले. घरातील अनेक वायफाय पेट्यांनी एकजुटीने काम करावे यासाठी ईझीमेश ही सर्वमान्य पद्धती २०१८ साली जाहीर झाली. त्याच वर्षी ८०२.११ ला जोडलेली एक पुरवणी प्रसिद्ध झाली. बिनतारी टोकामागे तारेचे अख्खे जाल असू शकते हे तिने मान्य करून त्याचा रीतसर विधी सांगितला. मूळ मानकानंतर एकवीस वर्षांनी. घरोघरी आधीपासून बसलेल्या पेट्यांना मात्र तिचा उपयोग नाही. आमच्या दिवाणखान्यातल्या पेटीची यादी उघडली तर मागील खोलीच्या नावाने आजही तीन निरनिराळे आयपी क्रमांक दिसतात, आणि तिन्हींच्या पुढे यंत्राचा पत्ता एकच असतो, मधल्या सेतूचा.